जाते, विळी आणि फिरती किसणी : दिल्लीतील मराठी स्वयंपाकघराचा एक वाङ्मयीन शोध

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात जात्याला जे मानाचे स्थान लाभले, ते स्वयंपाकघरातील दुसऱ्या कोणत्याही साधनाला लाभलेले नाही. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आढळते. मराठीतील एका छंदाचा हा अत्यंत जुना उल्लेख दरबारात किंवा देवळात झालेला नाही. तो उखळ-मुसळाच्या शेजारी झाला आहे, ही गोष्ट अभ्यासकांनी वारंवार निदर्शनास आणली आहे. पुढे जनाबाईच्या अभंगांत प्रत्यक्ष विठ्ठल जात्याच्या खुंट्याला हात लावतो. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईचे म्हणून एक जाते आजही दाखविले जाते. विसाव्या शतकात बहिणाबाई चौधरींनी खानदेशी बोलीतील 'घरोटा'ला आपल्या कवितेत आणले, साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्यांचा मोठा संग्रह सिद्ध केला, सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या द्वारे खंडामागून खंड प्रसिद्ध केले, आणि गी प्वातवँ व हेमा राईरकर यांनी १९८० नंतरच्या दशकांत खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जाते घराघरातून नाहीसे होत असतानाच त्याचे वाङ्मय ग्रंथालयांच्या फडताळांत सुरक्षित झाले.

याच स्वयंपाकघरात जात्याच्या जोडीला विळी होती, विळीच्या टोकाला खवणी होती, भिंतीला टांगलेली किसणी होती, आणि नंतरच्या काळात हाताने फिरवावयाची पुरणयंत्रे, शेवयंत्रे व दंडगोल किसण्या आल्या. जात्याप्रमाणेच यांपैकी अनेक साधने हाताच्या आवर्तनावर चालतात. पीठ दळण्याचे काम गिरणीकडे गेल्यावर घरात फिरविण्यासारखे जे काही उरले, ते याच साधनांच्या दांड्यात उरले. असे असूनही त्यांच्याभोवती ओवी रचली गेली नाही, अभंग झाला नाही, लोकसाहित्याच्या संकलकांनी त्यांच्यासाठी वेगळे प्रकरण राखले नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हे मौन आहे. महाराष्ट्रापासून दूर, दिल्लीसारख्या परभाषिक महानगरात वसलेल्या मराठी कुटुंबांच्या संदर्भात ते अधिक स्पष्टपणे ऐकू येते. कारण तेथे साधन टिकले तरी त्याचे नाव टिकेलच याची शाश्वती नसते.

किसणीला वाङ्मय नसले, तरी भाषेत तिचा ठसा खोल उमटलेला आहे. एखाद्या मुद्द्याची फार बारीक चिकित्सा केली की मराठी माणूस 'शब्दाचा कीस काढला' असे म्हणतो. वादविवाद, भाष्य, टीका या बौद्धिक व्यवहारांसाठी मराठीने वापरलेली ही प्रतिमा थेट खोबऱ्याच्या वाटीवरून उचललेली आहे. तीत थोडी कुचेष्टा आहे आणि थोडे कौतुकही. कीस काढणाऱ्याच्या हाती शेवटी वस्तू उरत नाही, पण वस्तूचा कणन्‌कण मोकळा होतो. समीक्षेला आपल्या व्यवसायाचे रूपक ज्या साधनाने पुरविले, त्या साधनाकडे समीक्षेने स्वतः कधी पाहिले नाही, हे विशेष होय.

मराठी स्वयंपाकाच्या क्रियापदांत याहूनही सूक्ष्म विवेक साठविलेला आहे. ओला नारळ खवतात किंवा खोवतात, सुके खोबरे किसतात, कोशिंबिरीसाठी काकडी चोचवतात, कोचवतात, कोबी चिरतात, जायफळ किसतात अथवा सहाणेवर उगाळतात, पुरण वाटतात. ही विविधता केवळ शब्दवैभवाची नाही. काकडी किसली तर तिच्या पेशी चिरडल्या जाऊन पाणी सुटते आणि कोशिंबीर पातळ होते. चोचवली तर तुकडे बारीक होऊनही त्यांत करकरीतपणा राहतो. ओल्या नारळाला किसणीवर घासणे गैरसोयीचे, कारण करवंटीसकट अर्धगोल हातात असतो आणि सपाट पृष्ठभागाला तो जेमतेम एका बिंदूत भिडतो. त्यासाठी दातेरी आणि फुगीर पाते हवे. म्हणजे क्रियापद हे येथे पाककृतीचे संक्षिप्त रूप आहे. 'खवणे' असे म्हटले की साधन, पदार्थाची अवस्था आणि अपेक्षित परिणाम हे तिन्ही सांगून होतात. पदार्थाला क्रियेचेच नाव मिळाल्याचीही उदाहरणे आहेत. उपवासाचा बटाट्याचा कीस हे त्यांतले सर्वपरिचित. आणि होळकरांच्या इंदुरात ज्याची ख्याती आहे तो मक्याच्या कोवळ्या दाण्यांचा पदार्थ हिंदी बोलणाऱ्यांच्या तोंडीही 'भुट्टे का कीस' म्हणूनच येतो.

या शब्दांची गणना कोशकारांनी केली. मोल्सवर्थच्या १८३१ व १८५७ च्या आवृत्त्यांपासून दाते-कर्वे यांच्या १९३२ ते १९३८ या काळातील 'महाराष्ट्र शब्दकोशा'पर्यंत घरगुती क्रियापदांना कोशांत उदार आश्रय मिळाला. परंतु कोशातील शब्द हा वाक्यातून बाहेर काढलेला शब्द असतो. तो कोण उच्चारीत होते, बसून की उभ्याने, कोणाला उद्देशून, हे कोश सांगू शकत नाही. ते सांगावयाचे तर साधनाच्या हालचालीकडे आणि ते वापरणाऱ्या देहाकडे वळले पाहिजे.

विळीचे तत्त्व असे की पाते स्थिर आणि पदार्थ चल. स्त्री जमिनीवर, पाटावर किंवा विळीच्या फळीवरच एक पाय दाबून बसते. दोन्ही हात मोकळे राहतात, आणि ती पदार्थ पात्याकडे नेते. पात्याच्या टोकाशी असलेल्या दातेरी चकतीवर नारळाची वाटी फिरविताना मनगट अर्धवर्तुळात वळते, खालच्या ताटलीत पांढरा चव साचत जातो, आणि करवंटीचा तपकिरी अंश त्यात येऊ नये म्हणून वाटी दर काही घासांनंतर थोडी वळवावी लागते. सपाट किसणीत पाते तसेच स्थिर, पण हालचाल मागेपुढे असते. पुढे जाताना कीस पडतो, मागे येताना जोर वाया जातो. गाजर संपत आले की बोटांची पेरे दातांशी येतात. शेवटचा तुकडा किसायचा की तोंडात टाकायचा, हा निर्णय प्रत्येक घरात अनुभवाने झालेला असतो.

हाताने फिरवावयाच्या किसणीने हे नाते उलटविले. येथे पदार्थ स्थिर राहतो आणि पाते फिरते. एका नळकांड्याच्या अंगावर दाते पाडलेले असतात, वरच्या चौकोनी तोंडातून गाजर किंवा बीट घालून दट्ट्याने दाबावयाचे, आणि उजव्या हाताने दांडा फिरवीत राहावयाचे. परतीचा निष्फळ फेरा नाही, बोटे पात्यापासून दूर, आणि दांड्याच्या लांबीमुळे थोड्या जोरात अधिक काम. नळकांडे बदलले की जाड कीस, बारीक कीस किंवा पातळ चकत्या मिळतात. गाजर आडवे घातले की उभे, यावर तंतूची लांबी ठरते. तिच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. सुके खोबरे कडक असेल तर दांडा अडतो. भिजट पदार्थ दात्यांत अडकून बसतात. काम झाल्याबरोबर धुतली नाही तर वाळलेला कीस काढणे हे किसण्याहून कष्टाचे होते. ओल्या नारळासाठीच्या फिरत्या खवणीत नळकांडे नसून दातेरी घुमट असतो. एका हाताने करवंटी त्यावर दाबून धरावयाची आणि दुसऱ्याने दांडा फिरवावयाचा. बैठकीला रबरी तळ असतो, तो गुळगुळीत दगडावर दाबला की हवा निघून जाऊन घट्ट चिकटतो.

हा शेवटचा तपशील सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. रबरी तळाला गुळगुळीत ओटा लागतो. शेणाने सारवलेल्या जमिनीवर तो बसत नाही. फिरत्या किसणीचा प्रसार हा म्हणून उभ्या स्वयंपाकघराच्या प्रसाराशी बांधलेला आहे. युरोपात अशा साधनांचा काळ दोन महायुद्धांमधला. १९३२ मध्ये फ्रान्समधील ज्याँ माँतेले यांनी भाज्यांचा लगदा करण्याचे हाती यंत्र बाजारात आणले. त्यांच्या उद्योगाचे नाव पुढे 'मूलिनेक्स' म्हणून जगभर झाले. तळाशी भोके पाडलेली चकती, तिच्यावर फिरणारे तिरपे पाते आणि वर दांडा, ही त्याची रचना मराठी गृहिणीला मुळीच परकी वाटणार नाही. कारण पुरणयंत्राची रचना त्याच जातीची आहे. होळीला किंवा श्रावणात डाळ-गुळाचे शिजलेले पुरण पाट्यावर वाटताना खांदे भरून येत. पुरणयंत्राने ते काम फिरविण्याचे केले. येथे 'यंत्र' हा शब्दही लक्षात घेण्याजोगा आहे. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० मध्ये उभा राहिला, 'किर्लोस्कर खबर' १९२० मध्ये आणि 'स्त्री' मासिक १९३० मध्ये निघाले. लोखंडी नांगर आणि मध्यमवर्गीय गृहिणी यांना एकाच छापखान्याने संबोधावे, अशा त्या काळात 'यंत्र' हा शब्द चुलीपर्यंत येऊन पोचला. जात्याला कोणी दळणयंत्र म्हटले नाही. जाते हे घरातले वडीलधारे होते. पुरणयंत्र मात्र पहिल्यापासून यंत्रच राहिले.

आता दिल्लीकडे वळावयाचे. दिल्लीशी मराठ्यांचा संबंध जुना, परंतु त्याची कागदपत्रे एकाच प्रकारची. पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे घराणे दिल्लीत राहिले; १७८४ मध्ये महादजी शिंदे यांना बादशहाकडून वकील-इ-मुतलक हे पद मिळाले; ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेपलीकडे पटपडगंजच्या लढाईत लॉर्ड लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि हा अध्याय संपला. त्या लढाईचा स्मृतिस्तंभ आज नोएडातील गोल्फच्या मैदानात उभा आहे. या शतकाच्या मराठी पत्रव्यवहारात मुख्यतः राजकारण, फौज आणि पैसा यांचीच चर्चा आहे. या माणसांच्या ताटात काय पडत होते, कोण किसत-वाटत होते, हे त्या पत्रांच्या प्रयोजनाबाहेरचे होते. इतिहासाचे साधन म्हणून दप्तर जितके समृद्ध, तितकेच ते या एका बाबतीत मुके आहे.

आधुनिक दिल्लीतील मराठी वस्तीची कहाणी वेगळी आहे. १९११ मध्ये राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलविण्याची घोषणा झाली, १९३१ मध्ये नवी दिल्लीचे उद्‌घाटन झाले, आणि स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या कार्यालयांचा विस्तार होत गेला. त्याबरोबर कारकून, हिशेबनीस, अभियंते, प्राध्यापक, सैन्यातले अधिकारी अशी मराठी कुटुंबे येथे येत राहिली. पहाडगंजातील नूतन मराठी विद्यालय आणि बृहन्महाराष्ट्र भवन, करोलबागेतील बिऱ्हाडे, लोदी कॉलनी, सरोजिनीनगर, रामकृष्णपुरम येथील सरकारी निवासस्थाने हा त्या वस्तीचा नकाशा. काकासाहेब गाडगीळ आणि चिंतामणराव देशमुख यांच्यासारखे केंद्रीय मंत्री त्या समाजाचे भूषण होते; पण समाजाचा कणा होता बदलीच्या नोकरीत असलेला सामान्य मनुष्य आणि त्याचे घर चालविणारी स्त्री.

या स्त्रीच्या सामानात काय येऊ शकत होते आणि काय नाही, याचा विचार केला तर साधनांच्या इतिहासाला निराळा अर्थ प्राप्त होतो. जाते आणि पाटा-वरवंटा हे दगड. रेल्वेच्या दीर्घ प्रवासात आणि दर तीन वर्षांच्या बदलीत ते मागेच राहावयाचे. घडीची विळी, पितळी सोऱ्या, किसणी, पुरणयंत्र हे ट्रंकेत बसणारे. म्हणजे माहेर-सासरच्या घरातून परमुलखात जे गेले, ते वाङ्मय नसलेले साधन होते. ज्याचे वाङ्मय होते ते घरीच राहिले. दिल्लीत जन्मलेल्या मुलीला जात्यावरची ओवी पाठ्यपुस्तकात भेटली, आणि नारळाची खवणी रोजच्या ओट्यावर. पहिली तिच्यासाठी साहित्य झाली. दुसरी ही निव्वळ वस्तू राहिली.

दिल्लीच्या हवापाण्याने या वस्तूचे काम बदलले. उत्तरेत नारळ हा मुख्यतः पूजेचा, श्रीफळाचा. रोजच्या भाजी-आमटीत ओले खोबरे घालणाऱ्या कोकणी गृहिणीला तो सहज मिळत नसे. देशावरच्या घराला अडचण कमी, कारण त्याचा संसार सुक्या खोबऱ्यावर आणि दाण्याच्या कुटावर चालतो, आणि सुके खोबरे चांदणी चौकाच्या टोकाला खारी बावलीत मिळते. दक्षिणी कुटुंबांमुळे आयएनए बाजारात ओल्या नारळाची सोय झाली, तेव्हा कोकणी स्वयंपाकाला आधार आला. उलट बाजूने हिवाळ्यातील लाल गाजर मराठी घरात शिरले. महाराष्ट्रात गाजर प्रामुख्याने कोशिंबिरीचे. दिल्लीत मात्र थंडी पडली की किलोकिलोंनी गाजरे येतात, दुधात आटतात, आणि गाजराचा हलवा हा मराठी घरातही सणाइतका नियमित होतो. दोन गाजरे सपाट किसणीवर किसणे ही एक गोष्ट. चार किलो गाजरे किसणे ही दुसरी. फिरत्या किसणीची गरज भासली ती अशा प्रसंगी. विजेचे यंत्र त्याला पर्याय होतेच. मुंबईत १९६३ मध्ये 'सुमीत' हे मिक्सर आले आणि पुढच्या दोन दशकांत वाटणाघाटणाचे श्रम त्याने मोठ्या प्रमाणावर हलके केले. परंतु मिक्सरचे पाते पदार्थाचा भुगा करते, तंतू नव्हे. आणि वीज गेली की ते थांबते. हाताने फिरणारे साधन या दोन्ही कारणांनी विजेच्या यंत्राशेजारी टिकून राहिले.

बदलले ते नाव. दिल्लीच्या बाजारात किसणी मागितली तर दुकानदार क्षणभर थांबतो. 'कद्दूकस' म्हटले की लगेच काढून देतो. हा शब्द फारसीतून आलेला. कदू म्हणजे भोपळा आणि कश म्हणजे ओढणारे. भोपळा ओढून त्याचा कीस पाडणारे ते कद्दूकस. मराठीत विळा आणि भोपळा यांचे सख्य हे वैराचे उपमान झाले, फारसी-हिंदीत भोपळा आणि त्याला ओरबाडणारे पाते एका समासात नांदू लागले. दोन्ही भाषांनी एकच दृश्य पाहिले. एकीने त्यात भांडण पाहिले, दुसरीने उपयोग. शब्दांचा असा शेजार ही महानगराची देणगी आहे आणि तिची भीती बाळगण्याचे कारण नाही. प्रश्न निर्माण होतो तो पुढच्या पायरीवर. 'कद्दूकस करणे' हे एकच क्रियापद जेव्हा खवणे, किसणे, चोचवणे या तिघांची जागा घेते, तेव्हा शब्दाबरोबर भेद जातो. आणि भेद गेला की काकडीच्या कोशिंबिरीला पाणी का सुटते, हे नव्याने शिकावे लागते. भाषेचा ऱ्हास म्हणून ज्याची चर्चा व्यासपीठावरून होते, तो प्रत्यक्षात अशा एकेका ताटलीत घडत असतो.

मग किसणीचे वाङ्मय खरोखरच नाही काय? आहे; पण ते काव्य नव्हे, पाकग्रंथ आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळातील लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र', आणि १९७० मध्ये आलेली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' हे या परंपरेतील पुढचे टप्पे. 'रुचिरा'ने वाटी आणि चमचा ही घरातलीच मापे प्रमाण मानली, आणि परगावी, परप्रांती, परदेशी संसार थाटणाऱ्या मराठी मुलींना सासू-आईच्या अभावी तिचाच आधार झाला. दिल्लीच्या मराठी घरांतून या पुस्तकाच्या हळद लागलेल्या प्रती आजही आढळतात. दुर्गा भागवतांसारख्या विदुषीने 'खमंग' लिहावे, यावरून या लेखनप्रकाराला विद्वत्तेचे वावडे नाही हेही दिसते.

तथापि ओवी आणि पाककृती यांच्या वाक्यरचनेत मूलभूत अंतर आहे आणि समीक्षकाने ते दृष्टीआड करू नये. ओवीला बोलणारी असते. ती भावाला, आईला, सासरला, देवाला उद्देशून बोलते. दळणारी 'मी' ओळीओळीत हजर असते. पाककृतीचे वाक्य विध्यर्थी आणि कर्तृहीन असते : नारळ खवून घ्यावा, गाजरे किसून घ्यावीत, पुरण यंत्रातून काढावे. कोणी? याचे उत्तर व्याकरणात नाही. 'घ्यावे' या सौम्य, सुसंस्कृत क्रियारूपाने हात झाकला जातो. गृहिणीला आधार देणाऱ्या या वाङ्मयाने तिचे कौशल्य जतन केले, आणि त्याच वेळी तिला वाक्यातून वगळले. जात्याच्या वाङ्मयात श्रम आहेत आणि श्रमणारी आहे; किसणीच्या वाङ्मयात कृती आहे, कर्ती नाही.

या अंतराची कारणे साधनाच्या स्वभावातही शोधता येतात. दळण हे पहाटेचे, तासभर चालणारे. त्याची घरघर एकसुरी, आणि तिच्यावर ओवीचे चरण सहज बसत. बहुधा दोघी समोरासमोर बसत, त्यामुळे ऐकणारीही असे. किसण्याचे काम दिवसाचे, घाईचे, पाच-दहा मिनिटांत आटोपणारे. फिरत्या किसणीच्या दांड्याला ताल आहे, पण तो सलग नाही. तोंडात नवे गाजर घालण्यासाठी हात दर मिनिटाला थांबतो. उभ्याने, भिंतीकडे तोंड करून, एकटीने केलेल्या कामात संवादाला जागा कमी. अर्थात एवढ्यावर सर्व उलगडा होतो असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. जात्याची ओवी हे श्रमाचे फुलणे होते तसेच ते कोंडमाऱ्याचे एकमेव दारही होते. जिला लिहिता येत नव्हते आणि बोलण्याची मुभा नव्हती, तिने दगडाला साक्षी ठेवून बोलून घेतले. फिरती किसणी हाती आलेली स्त्री बव्हंशी शिकलेली होती. तिला पत्र लिहिता येत होते, मासिक वाचता येत होते, पुढे आत्मचरित्रही लिहिता आले. लक्ष्मीबाई टिळकांची १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेली 'स्मृतिचित्रे' चुलीच्या, सोवळ्याच्या आणि उपासमारीच्या प्रसंगांनी भरलेली आहेत, आणि त्यांत 'मी' पुरेपूर आहे. ओवीचे मौन झाले ते काही अंशी गद्याने तिची जागा घेतल्यामुळे. याची नोंद खंत म्हणून करावी की प्रगती म्हणून, याचे उत्तर एकपदरी नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे : हात कोणाचा? जाते जवळपास प्रत्येक जातीच्या आणि थराच्या घरात होते. म्हणूनच ओवी सर्वांची झाली. नारळ, साखर, सुका मेवा आणि त्यांना लागणारी पितळी यंत्रे मात्र सुस्थित घराची. जेथे भाकरीचीच भ्रांत, तेथे किसणीचे दाते बोथट होण्याचा प्रश्न उद्भवत नाही. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' वाचणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. ऊर्मिला पवार यांनी २००३ मध्ये आपल्या आत्मकथनाला 'आयदान' हे नाव दिले, ते आईच्या हातून विणल्या जाणाऱ्या बांबूच्या वस्तूंवरून. घरातल्या साध्या वस्तूमागचा हात दिसू लागला की ती वस्तू वाङ्मय होते, हे या एका शीर्षकाने सिद्ध केले. आजच्या दिल्ली, नोएडा, गुडगाव येथील मराठी घरांत किसणी फिरविणारा हात कित्येकदा बिहार, बंगाल किंवा झारखंडातून आलेल्या कामकरी स्त्रीचा असतो. गृहिणीकडून 'खोवणी' हा शब्द ती उचलते, तिच्याकडून गृहिणीची मुले 'कद्दूकस' उचलतात. या देवघेवीला अद्याप ओवी नाही, पाकग्रंथ नाही, आत्मकथनही नाही. पाककृतीतील त्या कर्तृहीन वाक्याला येथे नवा आणि अधिक अस्वस्थ करणारा अर्थ प्राप्त होतो.

दिल्लीने मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद दोनदा भूषविले आहे. १९५४ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष होते. साहित्य अकादेमीची स्थापनाही त्याच वर्षीची, आणि पुढच्याच वर्षी तर्कतीर्थांच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथाला अकादेमीचा मराठीसाठीचा पहिला पुरस्कार मिळाला. त्यानंतर ७१ वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, तालकटोरा मैदानावरील ९८ व्या संमेलनाच्या अध्यक्षस्थानी तारा भवाळकर होत्या. वेदवाङ्मयाच्या प्रकांड पंडिताकडून ओव्या-कहाण्यांतून 'स्त्रीमुक्तीचा आत्मस्वर' शोधणाऱ्या संशोधिकेपर्यंतचा हा प्रवास मराठी वाङ्मयविचाराच्या बदललेल्या दृष्टीची साक्ष देतो. दरम्यानच्या काळात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला होता. अभिजाततेचा पुरावा शिलालेखांत आणि 'गाथासप्तशती'त शोधला गेला, हे योग्यच. पण भाषेचे चालू आयुष्य क्रियापदांत असते, आणि मराठीची पुष्कळ क्रियापदे अजून ओट्यावर आहेत.

लोकसाहित्याचे संकलक जात्यापाशी वेळेवर पोचले, हे मराठीचे भाग्य. सरोजिनी बाबर राज्यसभेच्या सदस्य म्हणून दिल्लीत येत-जात होत्या, त्याच वर्षांत त्यांचे संकलनकार्यही चालू होते. राजधानी आणि जाते यांत अंतर नसते, हे त्यांनी कृतीने दाखविले. आता तेच काम छोट्या साधनांसाठी करावयाचे आहे. त्यासाठी डोंगरदऱ्यांत जाण्याची आवश्यकता नाही. पहाडगंजातील एखाद्या जुन्या बिऱ्हाडात किंवा नोएडाच्या अकराव्या मजल्यावरही ते करता येईल. नारळ खवताना वाटी किती अंशांनी वळवावी, शेवटचा तुकडा कोणाला द्यावा, दांडा अडला की काय पुटपुटावे, हे जाणणाऱ्या स्त्रिया अजून आहेत, आणि त्यांना विचारणारे विद्यार्थीही मिळू शकतील. एवढेच पाहावे लागेल की नोंद करताना 'किसून घ्यावे' असे लिहून थांबू नये. कोणी किसले, तेही लिहावे.